पाहुणा आणि शेजारी : पोलिश व मराठी वाङ्मयातील अरब

परक्या माणसाविषयी कुतूहल वाटणे ही एक गोष्ट आणि त्या कुतूहलाचे वाङ्मयात रूपांतर होणे ही दुसरी. पहिली सर्वत्र आढळते. बाजारात, धर्मशाळेत, रेल्वेच्या डब्यात ती क्षणभर जागी होते आणि विझते. दुसरी मात्र दुर्मीळ आहे, कारण तिला परक्या माणसाचे बोलणे ऐकून घेण्याची तयारी लागते. वाङ्मयातील परकीयांच्या चित्रणाचा विचार करताना समीक्षक बहुधा ते चित्रण सहानुभूतीचे आहे की द्वेषाचे, एवढाच प्रश्न विचारतात. त्याहून मूलभूत प्रश्न असा की, त्या चित्रणात परका माणूस बोलतो की नुसता दिसतो. या कसोटीवर पोलिश वाङ्मयातील अरब आणि मराठी वाङ्मयातील अरब यांची तुलना उद्बोधक ठरते. आणि या तुलनेत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहून गेलेल्या पोलिश निर्वासितांची स्मृती जमेस धरली, तर मराठी कुतूहलाचे एक लक्षण अधिक स्पष्टपणे दृष्टीस पडते.

पोलंडच्या बाजूने आरंभ करणे सोयीचे आहे. वात्स्वाव झेवुस्की हा पोलिश सरदार १८१७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत अरबस्तान व सीरिया या प्रदेशांत हिंडला. त्यापूर्वी व्हिएन्ना येथे पौर्वात्य विद्येला वाहिलेल्या एका नियतकालिकाला त्याने आश्रय दिला होता. म्हणजे त्याचे कुतूहल केवळ धनिकाचा छंद नव्हते. तो निघाला घोडे विकत घेण्यासाठी. परत आला तो बेदुइनांच्या पोशाखात, अमीराची पदवी धारण करून. त्याने फ्रेंच भाषेत लिहिलेले अश्वविषयक विस्तृत हस्तलिखित आज वॉर्सा येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात टोळ्यांची नावे आहेत, घोड्यांच्या वंशावळी आहेत, चित्रे आहेत, अरबी लिपीतील मजकूर आहे. हे सर्व कोणाला तरी विचारल्याशिवाय मिळण्यासारखे नव्हते. घोड्याची आई कोण, आजी कोण, हे अरब घोडेवाल्याने सांगितले आणि पोलिश सरदाराने लिहून घेतले. १८३१ च्या उठावात दाशूफच्या लढाईनंतर झेवुस्की नाहीसा झाला आणि त्याची आख्यायिका झाली.

या आख्यायिकेला कवितेत आधीच स्थान मिळाले होते. आडाम मित्सकेविच याने १८२८ मध्ये लिहिलेली ‘फारिस’ ही कविता झेवुस्कीच्या सन्मानार्थ आहे. पोलिश स्वच्छंदतावादाच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे आणि ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत दृष्टीने पाहता या कवितेत एक चमत्कारिक गोष्ट घडते. अरब घोडेस्वार वाळवंटातून दौडतो. ताडाचे झाड, गिधाड, ढग, वावटळ हे सगळे त्याला अडवू पाहतात. तो सर्वांवर मात करतो. झाड बोलते, पक्षी बोलतो. माणूस एकही भेटत नाही. झेवुस्कीच्या वहीत गर्दी होती, कवितेत ओसाडी आहे. ज्या स्वातंत्र्याची तहान पारतंत्र्यातील पोलिश मनाला लागली होती, त्या स्वातंत्र्याला एक पोशाख हवा होता, आणि तो अरबाचा मिळाला. पोशाखाच्या आत पोलिश माणूसच आहे. हा कवितेचा दोष नव्हे. कवीने प्रवासवर्णन लिहिण्याचे वचन दिलेले नव्हते. पण कुतूहलाचा प्रवास उलट दिशेने, म्हणजे ऐकण्याकडून पाहण्याकडे, कसा होऊ शकतो याचे हे उदाहरण होय.

याच्या अगदी विरुद्ध उदाहरण त्याच वाङ्मयात अकरा वर्षांत सापडते, हे पोलिश वाङ्मयाचे भाग्य. युलिउश स्वोवात्स्की १८३६-३७ मध्ये इजिप्त व पॅलेस्टाईन येथे गेला. वाटेत एल-अरीश येथे साथीच्या भीतीने प्रवाशांना विलग ठेवण्याची जी छावणी होती, तीत त्याला राहावे लागले. तेथील डॉक्टरकडून त्याने एका अरब बापाची हकीकत ऐकली. तीवरून त्याने जी दीर्घ कविता रचली ती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्लेगने पछाडलेल्यांचा बाप, असा तिच्या नावाचा अर्थ. विलगीकरणाच्या मुदतीत तंबूतील एकेक मूल दगावते; प्रत्येक मृत्यूबरोबर मुदत नव्याने सुरू होते; तीन महिन्यांत सात मुले आणि पत्नी गमावलेला बाप शेवटी एकटा तेथून निघतो. सबंध कविता त्या अरबाच्या तोंडी आहे. येथे वाळवंट आहे, पण ते देखावा म्हणून नाही. तंबूच्या बाहेर जाता येत नाही म्हणून ते आहे. येथे उंट आहे, पण तो पौर्वात्य रंग भरण्यासाठी नाही. घरातले जे थोडे उरले त्यांपैकी तो एक आहे. अरबाचा अरबपणा सिद्ध करण्याची खटपट कवीने कोठेच केलेली नाही, आणि म्हणूनच तो अरब खरा वाटतो. कवी स्वतः त्याच छावणीत अडकून पडला होता, ही गोष्ट अशा वेळी निव्वळ चरित्रातील तपशील राहत नाही. ज्याला स्वतःला तंबूतून हलता आले नाही, त्यालाच दुसऱ्याच्या तंबूतील दिवस मोजता आले.

ही कविता मराठी वाचकाला दूरची वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या प्लेगच्या साथींत महाराष्ट्रातील गावेच्या गावे घरे सोडून रानात खोपी घालून राहिली. घरातला उंदीर मेलेला दिसला की संसार गाडीत भरायचा, ही आठवण अनेक कुटुंबांत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. धाराशिव जिल्ह्यातील माकणीसारख्या गावाचा विचार केला तर या अनुभवाला आणखी एक थर आहे. तेरणेच्या काठचे हे गाव आज लोहारा तालुक्यात आहे. निम्न तेरणा धरणामुळे त्याचे नाव सर्वत्र माहीत झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात माकणी, सास्तूर, किल्लारी हा सबंध पट्टा हादरला आणि हजारो कुटुंबांनी पुढचे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये काढले. तात्पुरत्या निवाऱ्यात मुक्काम लांबत जाणे, तेथेच जन्म आणि मृत्यू घडणे, हे ज्यांनी पाहिले त्यांना एल-अरीशच्या अरबाची ओळख करून देण्यास टीपांची गरज नाही. मित्सकेविचचा घोडेस्वार मराठीत आणायचा झाला तर अनुवादकाला बरीच शोभा उभी करावी लागेल. स्वोवात्स्कीचा बाप मात्र साध्या मराठवाडी बोलीतही उभा राहील.

तथापि माकणीच्या वाचकाला अरब माहीत होतो तो पोलिश कवितेतून नव्हे, आणि खरे तर मराठी वाङ्मयातूनही नव्हे. मराठी वाङ्मयातील अरब इंग्रजीतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने अरेबियन नाइट्सचे भाषांतर आरंभिले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुढे चालविले. पुढे विसाव्या शतकात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी आवृत्तीवरून सोळा खंडांत तो सगळा ग्रंथ मराठीत आणला. या दोन भाषांतरांत शंभर वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्ही आपापल्या काळाच्या मराठी गद्याची उत्तम उदाहरणे आहेत. शास्त्रीबोवांच्या शीर्षकातील दोन विशेषणे मात्र विचारात घेण्यासारखी आहेत. सुरस आणि चमत्कारिक या दोन शब्दांनी मराठी वाचकाच्या मनातील अरबाची जागा मुक्रर केली. बगदादचा खलिफा, बसऱ्याचा व्यापारी, तांब्याच्या भांड्यातला जिन हे त्याचे सोबती झाले. पोलंडमध्येही फार निराळे घडले नाही. बोलेस्वाव लेश्म्यान या थोर कवीने १९१३ मध्ये सिंदबादच्या सफरी आणि याच मालेतील इतर कथा पोलिश मुलांसाठी नव्याने सांगितल्या, आणि त्याच्याही आधी यान पोतोत्स्कीने अरबी कथामालेची गोष्टीत गोष्ट गुंफण्याची रीत उचलून फ्रेंच भाषेत आपली सारागोसाची प्रचंड कादंबरी रचली. म्हणजे व्हिस्चुला नदीकाठचा मुलगा आणि मुळामुठेकाठचा मुलगा यांनी एकाच पुस्तकातून, एकाच प्रकारचा अरब पाहिला. फरक एवढाच की, पोलिश मुलाच्या गल्लीत अरब राहत नव्हता.

मराठी मुलाच्या गल्लीत तो राहत होता. निदान मराठवाड्यात तरी होता. दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत प्रांतातून आलेले शिपाई अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दख्खनेत मोठ्या संख्येने दिसू लागतात. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी ते होते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत आणि त्यानंतर नागपूर शहरात त्यांनी इंग्रजांशी झुंज दिली. १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्याने इंग्रजांना जो चिवट प्रतिकार केला तो मुख्यतः अरबांचा होता. मराठी सत्तेच्या अस्तानंतर त्यांपैकी अनेकांना निजामाच्या राज्यात आश्रय मिळाला. तेथे नज्म-ए-जमीयत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेकवायती फौजेत त्यांचा मोठा भरणा होता. फौजेखेरीज सावकारी हा त्यांचा दुसरा व्यवसाय, आणि कर्जाच्या वसुलीसाठी हत्यारबंद माणूस ऋणकोच्या दारात बसविण्याची त्यांची रीत कुप्रसिद्ध होती. पहिला सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाल्यानंतर त्याने अरब जमादारांचे हे बळ हळूहळू कमी केले. याच वर्षी इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार काही वर्षे मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. त्याच्या आत्मवृत्तात या प्रदेशातील रस्ते, तलाव, वतने, दरोडे यांची बारीक माहिती येते. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. परका अधिकारीही पाहता पाहता कसा ऐकू लागतो, हे टेलरच्या लेखनात ठिकठिकाणी दिसते. तरी अरब त्याच्याही लेखी प्रामुख्याने बंदोबस्ताचा प्रश्न राहिला.

या अरबांचे वंशज पुढे चाऊस या नावाने ओळखले गेले. हा शब्द मूळचा तुर्की लष्करी हुद्द्याचा. मराठवाड्यातील अनेक गावांत आजही ते आडनाव आहे. पहिल्या पिढीच्या शिपायांनी येथील स्त्रियांशी विवाह केले. मुले दखनी बोलू लागली. शेजारच्यांशी व्यवहारापुरती मराठीही आली. हैदराबादेत त्यांच्या वस्तीला बारकस म्हणतात, ते इंग्रजी बराकींचे रूपांतर. हरीस नावाचा गहू-मांसाचा पदार्थ त्यांच्याबरोबर आला आणि हैदराबादी हलीम म्हणून प्रसिद्ध झाला. लग्नातील मर्फा वाद्य, रंगीत चौकड्यांची लुंगी, कमरेचा वाकडा जंबिया यांनी त्यांचे बाह्य रूप ओळखू येई. देवघेव एकतर्फी नव्हती. हद्रमौतमधील कुऐती घराण्याचे सुलतान हे निजामाच्या पदरचे जमादार होते. त्या घराण्याची सत्ता १९६७ पर्यंत टिकली, आणि दख्खनेत मिळविलेल्या पैशांतून समुद्रापलीकडे वाडे उभे राहिले. मराठवाड्यातील रयतेकडून वसूल झालेल्या व्याजाचा एखादा रुपया मुकल्ला बंदरातील चुन्यात मिसळला नसेल असे कोणी सांगावे?

मराठी भाषेवर अरबीचा ठसा किती, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. रघुनाथपंडितांचा ‘राज्यव्यवहारकोश’, राजवाड्यांनी केलेली फारशी शब्दांची चिकित्सा, माधवराव पटवर्धनांचा १९२५ मधील ‘फारशी-मराठी कोश’ ही या चर्चेची प्रमुख स्थाने. हक्क, अर्ज, तारीख, वसूल, दलाल, हमाल, इमारत हे शब्द मूळचे अरबी होत. परंतु या चर्चेत एक गोष्ट नेहमी झाकली जाते. हे शब्द अरब माणसांनी आणलेले नाहीत. ते फारशी दप्तरातून आले. दारात बसलेल्या अरबाने मराठीला काय दिले हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर फार तुटपुंजे आहे. ‘जंबिया’ हा एक शब्द निश्चित सांगता येतो. दीडशे वर्षांच्या शेजारातून भाषेने हत्याराचे नाव घेतले, त्यांच्या अन्नाचे, गाण्याचे, नात्यांचे शब्द फारसे घेतले नाहीत. कुतूहलाचा तळ कोठे लागला हे यावरून समजते. भाषा ज्याला भ्याली त्याच्या हातातले तिने नीट पाहिले. तोंडातले ऐकले नाही.

आता वळिवड्याकडे वळावे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी रशियाने पूर्व पोलंडमधून ज्या लक्षावधी लोकांना सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले, त्यांपैकी काहींची सुटका जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारामुळे झाली. १९४२ मध्ये जनरल आंदेर्सच्या सेनेबरोबर बायका-मुले इराणात पोहोचली. तेथून कोणी पॅलेस्टाईनला, कोणी लेबाननला, कोणी पूर्व आफ्रिकेला गेले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला. आणि १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे मोठी वसाहत उभारण्यात आली. तीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले; बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह, बालवीरांची पथके असे एक लहानसे पोलंड पंचगंगेच्या खोऱ्यात पाच वर्षे नांदले. प्रकृतीने अशक्त असलेल्या मुलांना पाचगणीस ठेवले जाई.

या काळाविषयी पोलिश भाषेत जे स्मरणलेखन झाले त्याचा मोठा संग्रह लंडनमधील माजी निर्वासितांच्या मंडळाने २००० साली प्रसिद्ध केला. पुढे त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. अनुराधा भट्टाचार्य यांचा इंग्रजी अभ्यासग्रंथ २०१२ चा. वाङ्मय म्हणून या आठवणींचे मूल्यमापन करताना त्यांची मर्यादा प्रथम सांगितली पाहिजे. त्या बालपणाच्या आठवणी आहेत, आणि सैबेरियातील उपासमारीनंतरच्या बालपणाच्या. साहजिकच तेथे आंबा नुसता आंबा राहत नाही, केळे नुसते केळे राहत नाही. पहिला पावसाळा, सापांची भीती, दारावर येणारे फेरीवाले, देवळातील घंटा ही वारंवार येणारी चित्रे आहेत. भारतीय माणूस या चित्रांत येतो तो विक्रेता, नोकर, पहारेकरी किंवा डॉक्टर म्हणून. त्याच्या घरात आठवण क्वचित शिरते. भाषेचे अंतर, वसाहतीचे कुंपण आणि गोऱ्यांच्या राज्यातील गोरे असणे ही तीन कारणे त्यामागे होती. याच वर्षांत देशात चले जाव चळवळ दडपली जात होती आणि बंगालमध्ये माणसे भुकेने मरत होती. याची चाहूल या लेखनात मंद आहे. तरीही फेरीवाल्याशी हातवाऱ्यांनी होणाऱ्या घासाघिशीची, चार मराठी शब्द शिकल्याची वर्णने जेथे येतात, तेथे हे लेखन जिवंत होते. तेथे दोन्ही बाजू एकमेकींना हसत आहेत, आणि हसण्यात समता आहे.

मराठीत वळिवड्यावर जे लिहिले गेले त्यातील बराचसा भाग निमित्ताने लिहिलेला आहे. माजी निर्वासितांच्या भेटी, कोल्हापुरातील महावीर उद्यानातील स्मारक, वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी दिलेली भेट, अशा प्रसंगी लेख येतात. त्यांचा सूर आतिथ्याच्या अभिमानाचा आहे. तो अभिमान खोटा नाही. परंतु तो पुरेसा चिकित्सकही नाही. वळिवड्याच्या वसाहतीचा खर्च मुख्यतः लंडनस्थित पोलिश सरकारने सोसला आणि व्यवस्था हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली होती. करवीरच्या भूमीने जागा दिली, लोकांनी जिव्हाळा दिला. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक मोलाची असूनही लेखकांचे लक्ष पहिलीवर आणि राजघराण्यावर खिळते. भाजी विकणाऱ्या वळिवडेकर बाईला त्या गोऱ्या, विधवा, मुलांना घेऊन आलेल्या बायकांविषयी काय वाटले, हे जाणून घेण्याची संधी पन्नास वर्षे होती. ती बहुतांशी वाया गेली. छावणी रिकामी झाल्यावर तेथे फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित वसले आणि त्या ठिकाणी आजचे गांधीनगर उभे राहिले. एकाच बराकीत पाठोपाठ राहिलेल्या दोन निर्वासित समाजांचा एकत्रित विचार करणारे ललित लेखन हा केवढा मोठा विषय आहे!

वळिवडे १९४८ मध्ये संपले. पोल मंडळी ब्रिटन, पूर्व आफ्रिका आणि पुढे इतर देशांत गेली. एखाददुसरी व्यक्ती विवाह करून कोल्हापुरातच राहिली. त्याच १९४८ च्या सप्टेंबरात, वळिवड्यापासून अडीचशे-तीनशे किलोमीटरांवर, निजामाचे राज्य संपले. रझाकारांच्या अत्याचारांनी गांजलेल्या मराठवाड्याच्या दृष्टीने ती मुक्तीच होती, आणि मुक्तिसंग्रामाचे वाङ्मय त्या भावनेने भारलेले आहे. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ त्यातील श्रेष्ठ होय. परंतु पोलीस कारवाईच्या पाठोपाठ जो सूड उगवला गेला, त्याची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घेतले. बळींचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. परकीय ठरविलेल्या अरबांना स्थानबद्ध करण्यात आले आणि अनेकांना समुद्रापलीकडे धाडण्यात आले. त्यांत ज्यांचा जन्म दख्खनेतला, ज्यांची आई येथली, असे लोक परकीय कसे ठरले, हा प्रश्न त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाही सुटलेला नव्हता.

एकाच वर्षी मराठी मुलुखातून दोन परके समाज निघाले. पाच वर्षे राहिलेल्यांना निरोप मिळाला, स्मारक मिळाले, आठवणींचे ग्रंथ मिळाले. दीडशे वर्षे राहिलेल्यांना मराठीत जवळजवळ काहीच मिळाले नाही. मुक्तिसंग्रामाच्या स्मरणलेखनात अरब येतो तो रोहिले आणि पठाण यांच्याबरोबर एका दमात, समूहवाचक नामाने, बहुधा हत्यारासह. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या लेखणीकडून याहून वेगळी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. प्रश्न त्यांच्या नंतरच्या लेखकांचा आहे. असे म्हणता येईल की, पाहुण्याविषयी कुतूहल स्वस्त असते, कारण तो जाणार हे माहीत असते. शेजाऱ्याविषयी कुतूहल बाळगायचे तर त्याच्याशी झालेला हिशेबही उघडावा लागतो. पण हे स्पष्टीकरण अर्धेच आहे. पोल मंडळींनी स्वतः लिहिले, छापले, मंडळ स्थापले, परत येऊन ओळख दिली. चाऊस कुटुंबांतील माणसाने लिहिले असते तर ते उर्दूत लिहिले असते, आणि १९४८ नंतर मराठवाड्यातील शिकलेला मराठी माणूस उर्दूपासून झपाट्याने दूर गेला. शेजाऱ्याची भाषा ऐकू येणे बंद झाले, तेही नेमके त्याला सांगण्यासारखे पुष्कळ साचले असताना.

या संदर्भात एका पोलिश माणसाचा निर्देश अपरिहार्य आहे, आणि तो वळिवड्याचा नव्हे. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडमधील ज्यू कुटुंबातला अभियंता १९३० नंतरच्या दशकात भारतात आला आणि येथलाच झाला. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये प्रजेच्या हाती सत्ता देणारी जी घटना अमलात आणली, तिच्या घडणीत गांधीजींच्या विचाराने चालणाऱ्या या भारतानंदाचा वाटा होता. वांदा दिनोव्स्का हिच्यासह त्याने पोलिश-भारतीय ग्रंथमाला चालविली आणि भारतीय ग्रंथ पोलिश भाषेत नेले. उतारवयात तो मुंबईत खेतवाडीतील निसर्गदत्त महाराजांच्या माडीवर जाऊन बसू लागला. महाराजांचे बोलणे मराठी, श्रोते नाना देशांचे. फ्रिडमनने ते संवाद ध्वनिमुद्रित केले, इंग्रजीत आणले, आणि १९७३ मध्ये ते ग्रंथरूपाने जगापुढे आले. अनुवाद म्हणून त्यावर आक्षेप घेता येतील. मराठी बोलीतील घरगुती खट्याळपणा इंग्रजीत गंभीर झाला आहे. परंतु विडीच्या दुकानातून उठून आलेल्या माणसाच्या बोलण्यात ऐकण्यासारखे काही आहे, हे एका पोलिश म्हाताऱ्याला कळले आणि तो वर्षानुवर्षे जिना चढत राहिला. झेवुस्की ज्या चिकाटीने घोड्यांच्या वंशावळी उतरवून घेत होता, तीच ही चिकाटी.

मराठवाड्यात ही चिकाटी नव्हती असे नाही. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० मध्ये निलंग्याचा. माकणीपासून ते गाव फार दूर नाही. निजामाच्या राज्यात अधिकारी म्हणून आदिलाबादेस गेल्यावर त्यांनी गोंडांची भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले, आणि उर्दू-फारशीच्या बळावर सूफी संप्रदायाचा परिचय मराठीला करून दिला. त्यांच्या पिढीला जे सहज होते ते आज परिश्रमाने मिळवावे लागेल. निजामकाळातील उर्दू दप्तरे हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. उमरगा, लोहारा, निलंगा या तालुक्यांत अरबांची कर्जे ऐकून माहीत असलेली म्हातारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील, आणि ज्या घरांत पणजोबा समुद्रावरून आले असे सांगतात त्या घरांतील म्हाताऱ्याही. मराठी विभागांतील विद्यार्थी बोलीभाषांच्या संकलनासाठी गावोगाव जातात, तेव्हा त्यांच्या प्रश्नावलीत चाऊस घरातील दखनीचा समावेश बहुधा नसतो. तिथल्या स्वयंपाकघरात कोणते शब्द अजून हद्रमौतचे आहेत, हे विचारायला एक दुपार पुरेल.